साडभाऊंना शब्दांची धास्ती

माझ्या साडभाऊंइतका भित्रा माणूस उभ्या वऱ्हाडात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका धीटही. शेंदूरजनाघाटच्या आपल्या संत्र्याच्या बागेत निघालेला नाग ते काठीने उचलून धुऱ्यापलीकडे, बांधाबाहेर सोडून येतात. पण मोठा शब्द कानावर पडला की त्यांना दरदरून घाम फुटतो. डॉक्टर एकदा 'ॲसिडिटी' म्हणाले, तर यांनी संध्याकाळपर्यंत लेकीला सासरहून बोलावून घेतलं. नुसतं 'पित्त झालंय' म्हटलं असतं, तर वर भजी खाल्ली असती.

म्हणूनच नातीच्या शाळेतल्या विशेष शिक्षिका जेव्हा म्हणाल्या, "ओवीला अध्ययन अक्षमता असू शकते, मूल्यमापन करून घेऊ," तेव्हा साडभाऊंनी पोरीचं दप्तर उचललं, तिला घरी आणलं आणि शाळाच बंद केली. मग मला अमरावतीला फोन. "भाऊ, पोरीले वेगळं काढून राह्यले! आपण बारका माल बाजूले टाकतो, तो पेटीत परत जाते का कदी?" जन्मभर संत्री निवडणाऱ्या माणसाला मूल्यमापन म्हणजे दुसरं काय वाटणार? मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर शेंदूरजनाघाटच्या पहिल्या गाडीची वेळ बघितली. चौथीतल्या ओवीला अजून एक ओळ धड वाचता येत नव्हती. शाळाच तुटली, तर त्या पोरीचं व्हायचं काय?

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच शाळेत नेलं. मॅडम समजावत होत्या, "काका, अध्ययन अक्षमता म्हणजे ढ नव्हे. डोकं चांगलं आहे, वाचणं-लिहिणं तेवढं जड जातं."

"बरं. पन पोरगी याच शाळेत राह्यते ना?"

"राहते. समावेशित शिक्षण म्हणजे तेच. सगळी मुलं एका वर्गात, शिकवायची रीत ज्याच्या त्याच्या गरजेची."

"आन् ते मूल्यमापन?"

"कुठे अडतं ते बघायचं. कोणाला काढून टाकायचं नाही."

साडभाऊंनी घाम पुसला. "मॅडम, हे आदी सांगाचं ना! जीव गेला असता माहा."

तरी तपासणीच्या दिवशी, अमरावतीत ओवी दाराआड गेली तेव्हा, त्यांनी माझं मनगट असं धरलं की बोटांना मुंग्या आल्या. "आबा, भूक लागली," म्हणत ती बाहेर आली तेव्हा कुठे सोडलं.

अहवालात अध्ययन अक्षमताच निघाली, पण आता ओवी त्याच वर्गात आहे. धडा ऐकून शिकते, उत्तरं तोंडी देते. साडभाऊ बाजारात भेटेल त्याला 'समावेशित'चा अर्थ ऐकवतात. पण शाळा सुटायच्या वेळी रोज फाटकाशी उभे असतात. परवा शाळेबाहेर मी विचारलं, "आता कशाची भीती?"

"मले समजलं, भाऊ. पन तिले ढ म्हननाऱ्या साऱ्या गावाले समजेपर्यंत मी जित्ता राह्यतो का?"

तेवढ्यात घंटा झाली आणि ते उत्तराची वाट न बघता फाटकाकडे सरकले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.