नव्या प्लेटा

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली मेकॅनिक होतो. वांद्र्याच्या एका सर्जनची दोन सीटची जुनी विलायती स्पोर्ट्स कार आमच्याकडे येई. कधीमधी शर्यतीत उतरायचं, एवढाच त्यांचा शौक. "उस्तादापेक्षा तुझा हात चांगला," असं ते एकदा म्हणाले, आणि ती हवा माझ्या डोक्यात गेली.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं. साधा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, ती मोकळीक देतो, पण एक चाक घसरलं की ताकद तिथेच वाया जाते. या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल होता. त्यातल्या प्लेटा घसरणाऱ्या चाकाला आवरायच्या, आणि वळताना गरजेपुरत्या सरकायच्याही. त्या झिजल्या होत्या.

"बाहेरून मागवाव्या लागतील, डॉक्टरांना थांबायला सांग," म्हणून उस्ताद गावी गेले.

मी थांबलो नाही. चिखलात चालणाऱ्या जीपला करतात तसं आतले गिअर वेल्ड करून टाकले. दोन्ही चाकं कायमची एकत्र जखडली. डॉक्टरांना सांगितलं, नव्या प्लेटा मिळाल्या.

सकाळी आरे कॉलनीत ट्रायल घेतली. मी बाजूला बसलो.

"झकास! कशी खेचतेय बघ!" सरळ रस्त्यावर ते ओरडले. पहिल्या वळणावर मागचे टायर करकरले. "वळताना अडतेय रे."

तेव्हाच सांगायला हवं होतं.

"नव्या आहेत ना साहेब, बसतील."

उताराच्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. मागची जखडलेली चाकं गाडीला सरळच रेटत राहिली. आम्ही चरात गेलो. माझा दरवाजा मातीच्या कडेला दाबला गेला, पट्टा सुटेना.

"तुला लागलं का रे?" त्यांनी आधी विचारलं. त्यांचं उजवं मनगट वाकडं लोंबत होतं. "मीच जोरात आलो."

लोक येईपर्यंत मी तिथे अडकून होतो. तोंड मात्र मोकळं होतं.

उस्तादांनी परत आल्यावर गाडी जॅकवर घेतली. एक मागचं चाक मला धरायला लावलं आणि दुसरं पहारीने फिरवून पाहिलं. तसूभर हललं नाही. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "डॉक्टरांना तूच सांगायचंस."

महिन्याने डॉक्टर आले, गाडी विकायची म्हणून. मनगट नीट जुळलं नव्हतं. ऑपरेशनं आता दुसरे करत होते. मी चहा आणून दिला.

डाव्या हाताने कप घेत ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काम चोख होतं."

मी म्हणालो, "हो साहेब."