ओपन स्पेसमधला हरभरा

भटू पाटील, म्हणजे लोणखेड्याचे भटूआप्पा, जन्मभर शेतीच करत आले. शहादा वाढत वाढत त्यांच्या बांधाला येऊन टेकलं तेव्हा मुलगा भूपेश म्हणाला, आता नांगर पुरे. जमीन एन.ए. झाली, लेआउट पडला, प्लॉट विकले गेले. कापसाच्या जागी बंगले उभे राहिले आणि त्यातल्याच एका बंगल्यात आप्पा राहायला आले. तक्रार काही नव्हती. पंखा होता, नळाला पाणी होतं, सून चेतना वेळेवर चहा देत होती. फक्त दिवस जाता जात नव्हता.

कॉलनीच्या मधोमध नियमाप्रमाणे एक तुकडा मोकळा सोडलेला होता. सगळे त्याला ओपन स्पेस म्हणत. आप्पांनी सरळ हिशेब केला: जे विकलं नाही ते आपलं. त्यांनी भोवती तारेचं कुंपण घातलं आणि हरभरा पेरला. यात लबाडी अजिबात नव्हती. शेतकऱ्याला रिकामी जमीन दिसली की त्याचे हात शिवशिवतात, इतकंच. कॉलनीतल्या बायकांना घरबसल्या हरभऱ्याची भाजी मिळायला लागली, मग कोण कशाला बोलतंय! दर हिवाळ्याला हे असंच चालायचं. आप्पा सकाळीच खुरपं घेऊन निघायचे आणि दुपारी मातीनं भरलेले पाय घेऊन घरी यायचे. चेतना फरशी पुसता पुसता कुरकुरायची, पण म्हातारा खूश आहे हे तिलाही दिसत होतं.

यंदा हरभरा फुलावर आला आणि पुनीतशेठ घरी आले. शेठचं शहाद्यात कापडाचं दुकान, घर कॉलनीत, आणि कॉलनीचा पुढारीपणा आपसूक अंगावर आलेला. त्यांना त्या जागेवर हॉल बांधायचा होता, पुढच्या अंगाला दुकानांचे गाळे. नकाशा तयार होता आणि कॉलनीतली बरीच मंडळीही तयार होती.

"आप्पा, तुम्हनं नुकसान नही करनार," शेठ म्हणाले. मारवाडी घरातले, पण अहिराणी आप्पांच्या तोडीची. "मांगली बाजू तुम्हनी. जवलोंग हातपाय चालतस, तवलोंग पेरा. कोनी काही बोलाव नही."

भूपेशला हे पटलं. मागची अर्धी तर अर्धी, तीही जन्मभर; वाद नको. आप्पा मात्र दुसऱ्या दिवशी काठी टेकत एकटेच तहसील कचेरीत गेले. आपल्या जमिनीवर दुसरा बांधतोच कसा, हे त्यांना साहेबांना विचारायचं होतं.

साहेब तरुण होता, पण सांगायची रीत चांगली होती. "बाबा, ती जागा तुमची नाही आणि शेठचीही नाही. एवढी घरं दाटीनं उभी राहिली की थोडी जमीन सगळ्यांसाठी सोडावी लागते. हवा खेळावी, पोरं खेळावीत, पावसाचं पाणी मुरावं, उद्या आग लागली तर माणसांना उभं राहायला जागा असावी. तिथे बांधता येत नाही. आणि पेरताही येत नाही."

आप्पांना हे शेवटचं वाक्य लागलं. इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या रानात नांगर घालत होतो, या विचारानं ते चांगलेच शरमले.

"मी तक्रार करी ते?"

"शेठचं काम थांबेल. पण तुमचं कुंपणही निघेल. नियम एकच आहे."

आप्पा बाहेर येऊन बाकावर बसले. गप्प बसलं तर अर्धा हरभरा राहत होता, मरेपर्यंत. तोंड उघडलं तर हातात काहीच उरत नव्हतं. मग ते उठले, आत गेले आणि तक्रारीवर सही करून आले.

भूपेश भडकलाच. "बाबा, अर्धी भेटी ऱ्हायनी व्हती ना! हाऊ काय येडापना शे?"

"सिमेंटखाल गयी ते जमीन मरी जास, भाऊ," आप्पा म्हणाले. "पडीत ऱ्हायनी तरी जिती ऱ्हास. मन्ही नही ते नही. ऱ्हाऊ दे तिले."

कचेरीची माणसं आली. तोवर पुढच्या अंगाचं पीक मोडून शेठच्या हॉलचा पाया खणून झाला होता, तो त्यांनी बुजवला आणि आप्पांचं कुंपण काढलं. उरलेल्या हरभऱ्याला घाटे धरले होते, पण दाणे भरले नव्हते. मुकादम म्हणाला, उपटा नाहीतर ट्रॅक्टर फिरवतो. आप्पांनी तो स्वतःच्या हातानं उपटला, एकेक झाड, आणि कोणाला मदतीला येऊ दिलं नाही. पुनीतशेठनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. कॉलनीतल्या बाकीच्यांनाही वाटलं की म्हाताऱ्यानं स्वतः खाल्लं नाही आणि दुसऱ्यालाही खाऊ दिलं नाही. खरं कारण त्यांनी घराबाहेर कोणाला सांगितलं नाही आणि विचारायलाही कोणी आलं नाही.

त्या जागेवर आता गवत आहे. संध्याकाळी पोरं खेळतात, बाया फेऱ्या मारतात.

पुढच्या हिवाळ्यात, लोणखेड्याच्या शिवारात हरभऱ्याची पेरणी सुरू झाली त्या सकाळी आप्पा नेहमीच्या वेळी उठले, अंघोळ केली, डोक्याला टोपी घातली आणि दारापर्यंत गेले. तिथून परत फिरून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"चेतना," ते म्हणाले, "आते मी काय करू?"

 चेतनानं बाजारातून आणलेली मेथीची जुडी त्यांच्यापुढे ठेवली. आप्पा खाली बसले आणि निवडायला लागले.