आमच्या घरात काहीच नाही

बायकांना गटात बांधायचं, गोड बोलून कर्ज द्यायचं आणि हप्ता चुकला की त्यांच्याच घरातली भांडी उचलायची! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?

हे वाक्य मी कितीतरी दिवस तयार ठेवलं होतं. कर्जवाला दारात आला की तोंडावर फेकायचं. पण तो आला तेव्हा मला त्याहून भारी युक्ती सुचली. तिथंच माती खाल्ली बघा!

समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकताच पिंपळगाव रेणुकाईला परतलो होतो. वडील अंकुशनगरला, साखर कारखान्यावर. आई, म्हणजे कमलताई, घरी शाळेचे गणवेश शिवते. मशीन गटाच्या कर्जातून घेतलेली. त्या सकाळी ती बाजारात गेली होती आणि हा मोटारसायकलवाला थेट घराचे फोटो काढायला लागला!

मी ओळखलं. जप्ती!

"दादा, ही शिलाई मशीन कमलताईंची ना?"

"न्हाई. शेजारणीची."

"अन् शेळ्या?"

"मामाच्या. चरायला आल्यात."

"घर तरी?"

"किरायाचं!"

"ताई कधी येतील?"

"सांगता येत न्हाई. येतील की न्हाई, तेच सांगता येत न्हाई!"

तो बिचारा सगळं मोबाइलमध्ये भरत राहिला. वर मी त्याला पाणीही पाजलं. शत्रूला कसं गुंडाळलं, म्हणून दिवसभर छाती फुगवून फिरलो.

संध्याकाळी आई कपाळाला हात लावून बसली. "अरे येड्या, मागचं कर्ज कवाच फिटलं! तो दुसऱ्या मशीनच्या कर्जासाठी घर पाहायला आल्ता! तुझ्यामुळं अर्ज अडकला!"

शाळा उघडायला तीन आठवडे. गणवेशांची एवढी मोठी ऑर्डर एका मशीनवर कशी निघणार? आणि गट पाच जणींचा. एकीचं अडलं की पाचीजणींचं अडतं. बाकीच्या चौघी अंगणात उभ्या राहिल्या तेव्हा मला मामाच्या शेळ्यांमागं लपावंसं वाटलं. म्हणजे, आमच्याच शेळ्यांमागं.

दुसऱ्या दिवशी पाचीजणी मला कर्ज कंपनीच्या भोकरदनच्या शाखेत घेऊन गेल्या. मी सगळ्यांसमोर कबूल केलं: मशीन आमची, शेळ्या आमच्या, घर आमचं, आई पण आमचीच.

शाखेचे साहेब हसले, अर्ज दुरुस्त केला आणि माझ्यापुढं सरकवला. "घरातल्या पुरुषाची सही लागेल."

आता मात्र माझं डोकं सटकलं. "का? कमावते ती, फेडते ती! मागचा एक हप्ता तरी चुकला का? मंग सही माझी कशाला? मी करणार न्हाई!"

"बराबर बोलून राह्यला," आई म्हणाली. पहिल्यांदाच! "साहेब, नियम बदला. आम्ही बसतो हितंच."

साहेबांनी घाम पुसला. "ताई, वरून आलेला नियम आहे. मी काय करू?"

तेवढ्यात मागून गटातल्याच, आमच्या शेजारच्या शोभामावशी म्हणाल्या, "कमल, भांडण आपण नंतर करू, गणवेश आधी. घ्या हो साहेब त्याची सही. घरात तेवढा तरी कामाला येऊ द्या!"