तांदळाच्या डब्यातला फोन

तांदळाच्या डब्यात हात घातला आणि माझ्या मुलाचा फोन हाताला लागला. बंद होता, खोल पुरलेला. त्याच वेळी बाहेर ओटीवर माझी सून जमलेल्या बायकांना वाचून दाखवत होती, "बगा, यांचा अजून एक मेसेज आला. काळजी करू नको म्हनतात."

मी फोन काढून पदराला पुसला. त्याचाच होता. मागच्या बाजूला तडा गेलेला, त्यावर नातवाने चिकटवलेला पापलेटचा स्टिकर. बटण दाबून धरलं. काही नाही, दगड. फोन घरात, मुलगा समुद्रात, आणि मुलाचे मेसेज येतच होते.

फोन पाण्यात पडला की आमच्याकडे तांदळात पुरतात. नवापुरात असं एक घर नसेल जिथे कधी डब्यात फोन निघाला नाही. पुरुषांचे हात कायम ओले. होडी धुताना पडला असणार, आणि बायको बोलेल म्हणून गुपचूप पुरून तो तसाच समुद्रावर गेला असणार. याआधीचा फोनही असाच गेला होता. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

होडी सकाळच्या भरतीला परत यायची होती. लहान होडी, वरती वायरलेस वगैरे काही नाही. तिच्यावर तिघे होते. माझा मुलगा, माझ्या जाऊबाईचा मुलगा, आणि बोईसरच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर आमच्याकडे राहिलेला एक हिंदी बोलणारा खलाशी. रात्री वारा फिरला होता. बाकीच्या होड्या आल्या, ही आली नाही. तिघांचेही फोन लागत नव्हते, पण आत समुद्रात कोणाचाच फोन लागत नाही, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

होडी उशीर करते तेव्हा आमच्या घरात भात टाकत नाहीत. माझ्या सासूने टाकला नाही, मी टाकला नाही, सुनेला मी तेच शिकवलं. खबर आल्याशिवाय तांदळाला हात लागत नाही. त्या दिवशीही सकाळपासून गॅस बंद होता. पोरांना वेफर दिले. सकाळी भात टाकला असता तर फोन सकाळीच सापडला असता.

दुपार व्हायच्या आत पाटलाने तीन होड्या तयार केल्या. सकाळच्या भरतीचं पाणी अजून खाडीत होतं. ओहोटी लागली की आमच्या होड्या चिखलात बसतात आणि पुढच्या भरतीपर्यंत हलत नाहीत. शोधायला जायचं तर त्याच पाण्यावर जायचं होतं. इंजिनं सुरू झाली आणि नेमका तेव्हा सुनेच्या फोनवर माझ्या मुलाच्या नावाने, माझ्या मुलाच्या फोटोखाली मेसेज आला.

'काय करतेस?'

सून ओरडतच धक्क्यावर गेली. तिने विचारलं, तुमी कुठे हायत? पोचलात का? उत्तर आलं, हो पोचलो. एडवणच्या बंदराला लागलात का? हो, एडवण. इंजिन बिघडलं का? हो, इंजिन. तिघे बरे हायत ना? हो, बरे. तिने फोन लावला तर तिकडून कापला गेला आणि लिहून आलं, रेंज नाही, मेसेज कर.

पाटलाने हात वर केला. इंजिनं बंद झाली. एकाने एडवणच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, तर तो पालघरच्या बाजारात होता. म्हणाला, "घरी गेलो का बगतो. पन आले असतील तर काय पलून जातात काय?" लोक हसले. माझी जाऊ रडत हसली आणि मला म्हणाली, "बाय, आता भात टाक. पोरं भुकेली हायत."

म्हणून मी भात टाकायला आत आले होते.

फोन घेऊन मी ओटीवर गेले. सुनेच्या मांडीवर ठेवला. "हा तांदलात होता," मी म्हटलं.

तिने तो उलटा केला, स्टिकर बघितला. मग तिच्या हातातला दुसरा फोन वाजला. माझ्या मुलाचा फोटो. 'जेवलीस का?'

जाऊ म्हणाली, "सिमकार्ड काढून नेलं असंल. त्या खलाशाच्या फोनात घातलं असंल."

"मग फोन लावला तर कापतो कशाला?"

"तुला चांगलं म्हनून कधी सुचतच नाय. लेकराची खबर आली तरी तुझं तोंड आंबट."

ती तसं बोलणारच. तिचा एकच मुलगा. तिला ती खबर हवी होती आणि ती हातात होती. मी तिला सोडून सुनेशी बोलले. "त्याला इचार, बाबा तुमच्यासोबत हायत का."

सून माझ्याकडे बघत राहिली. माझा नवरा, म्हणजे मुलाचा बाप, जाऊन बरीच वर्षं झाली. याच गावात जळला. ओटीखाली उभ्या असलेल्या निम्म्या पुरुषांनी त्याला खांदा दिला होता.

"आये, असं कसं इचारू?"

"बोटाने इचार. तोंडाने कुठं इचारायचं हाय?"

तिने लिहिलं. वर 'लिहीत आहे' असं दिसतं ना, ते दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, मला वाचता येतं. मी तिच्या खांद्यावरून स्वतः वाचलं.

'हो, बाबा इथेच आहेत. माझ्या बाजूला बसलेत.'

कोणी काही बोलायच्या आत खाली आणखी एक आला.

'आम्ही दोघं येतोच आहोत.'

मी भुताखेताला मानत नाही. मेला तो मेला. समुद्राने नेलेली माणसं मी दोनतीनदा किनाऱ्यावर आलेली पाहिली आहेत, त्यातलं कोणी उठून बोललं नाही. पण त्या क्षणी माझी नजर ओटीच्या कोपऱ्याकडे गेली, हे खरं. नवरा बसायचा तो कोपरा रिकामा होता आणि बायका तिथून सरकून बसल्या. कोणी सांगितलं नव्हतं. आपापल्या सरकल्या.

ओटीखाली उभा असलेला पाटील तेवढं बघून मागे वळला. तो धावत नाही, पण त्या दिवशी धावला. पाणी उतरायला लागलं होतं. दोन होड्या निघाल्या. तिसरी खाडीच्या तोंडाशी चिखलात बसली, माणसं उतरून ढकलत होती, ती हललीच नाही.

मग काम नव्हतं. बसायचं होतं.

जाऊबाईचा जावई बोईसरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. तो बातमी कळून गाडीवर आला. हाच जावई जेवायला आला की आम्हाला हॅकर लोकांच्या गोष्टी सांगायचा. हॅकर म्हणजे चोर नाही, डोकं असलेला माणूस. कुलूप कच्चं आहे हे तो जगाला दाखवतो, म्हणून जग पक्की कुलपं करतं. मोठमोठ्या कंपन्या अशा लोकांना बोलावून काम देतात. मी एकदा त्याला म्हटलं होतं, "जावईबापू, आमच्या दाराला कडी नाय. आमचं कुलूप दाखवायला कोन यायचं?" तो हसला होता. म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे हाय काय न्यायला?"

आता तो माझ्यासमोर ओटीवर बसून दोन्ही फोन बघत होता. सुनेला विचारत होता, यांच्या फोनवर इतक्यात काही आलं होतं का? सून म्हणाली, कोणाच्यातरी लग्नाची पत्रिका आली होती. उघडली तर उघडेना, आणि फोन तापला म्हणून ते चिडले होते. जावयाने मान हलवली. म्हणाला, ती पत्रिका नव्हती. ती उघडली की दुसरा माणूस फोनात शिरतो, आणि ह्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनावर चालू करतो. ह्यांचा फोन पाण्यात गेला तरी त्याचा चालूच.

"मग तो बोलतो कशाला?" मी विचारलं. "काय पायजे त्याला?"

"आधी गोड बोलतात. ओळख पटवतात. मग पैसे मागतात."

"आनि एडवण त्याला कसं ठाऊक?"

जावयाने सुनेचा फोन माझ्यापुढे धरून पहिल्यापासून वाचायला लावलं. मी वाचलं. एडवण त्याने म्हटलं नव्हतं, सुनेने म्हटलं होतं. इंजिन तिनेच म्हटलं होतं. तिघे तिनेच म्हटलं होतं. त्याचा शब्द एकच, हो. बाप मी त्याच्या तोंडात घातला, तर त्याने बापही बाजूला बसवला. कुठल्यातरी गावी, पंख्याखाली, काहीतरी खात बसलेला माणूस. त्याला नवापूर माहीत नाही. समुद्र माहीत आहे की नाही कोण जाणे. आम्ही मागू ते देत होता.

सुनेला म्हटलं, बंद कर तो फोन. ती म्हणाली, "आये, आनि खरंच त्यांचा आला तर?" म्हणून तो चालूच राहिला. मधूनमधून वाजत होता. 'रागावलीस का?' 'उत्तर दे ना.' दर वेळी माझ्या मुलाचा तोच फोटो, बंदरावर काढलेला, दात दाखवणारा. शेवटी मी फोन पालथा घातला आणि वर सूप ठेवलं. सुपाखाली तो थरथरायचा, तेवढं ऐकू यायचं.

नंतर आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तेही इथेच सांगते. तिथले साहेब वाईट नव्हते. पाणी दिलं. विचारलं, पैसे किती गेले? मी म्हटलं, पैसे नाय गेले, पानी गेलं. त्यांना कळलं नाही. जावयाने भरती-ओहोटी समजावली. साहेबांनी लिहून घेतलं आणि सांगितलं की दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर त्याला कायदा आहे, शिक्षाही आहे. पण ज्या नंबरावरून हे झालं तो शोधत गेलं की दूरच्या राज्यात कुठलातरी म्हातारा निघतो, आणि त्याला आपल्या नावावर असा नंबर आहे हेच माहीत नसतं. म्हणजे तिकडेही कोणाच्यातरी ओटीवर पोलीस उभे राहणार आणि एक म्हातारा म्हणणार, मी नाही.

आमच्या गावात जाळं चोरणाऱ्याला दंड असे. पण होडीची खोटी खबर आणणाऱ्याला दंड नव्हता, कारण तसं कोणी करील असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. कायदा करायलासुद्धा आधी ते पाप माहीत असावं लागतं. जावई म्हणतो, नवे कायदे येतायत. येऊ देत. जो माणूस आपण काय केलं हे जाणतच नाही, त्याला कुठल्या कलमात बसवणार, ते मला कोणी सांगितलेलं नाही. आणि हुशारीचं कौतुक मला सांगू नका. जाळं चोरायचं तर चोराला निदान भिजावं लागतं.

दिवस कलला. जाऊ माझ्यापासून लांब, रिकाम्या कोपऱ्याच्या पलीकडे बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने विचारलं, "तू म्हनतेस तसंच झालं असंल का गो?"

"मला काय ठाऊक."

"मंग कशाला सांगितलंस?"

पण ती उठून गेली नाही.

ऊन गेलं, पण उजेड होता, तेव्हा शिरगावच्या बाजूने एक होडी दिसली. तिच्या मागे उलटी झालेली आमची होडी दोराने ओढत आणली होती. आतापर्यंत पाणी पुन्हा चढलं होतं, म्हणून ती थेट धक्क्याला लागली. कोणी आरडाओरडा केला नाही. आमच्याकडे अशा वेळी आधी डोकी बघतात.

आधी खलाशाला उतरवलं. त्याची कातडी मिठाने पांढरी झाली होती. तो माझ्यासमोर आला, माझ्याकडे न बघता जाऊबाईपुढे वाकला आणि म्हणाला, "अम्मा, दोपहर तक था. डिझेल का कॅन पकडके था. दोपहर तक बात कर रहा था."

मग माझा मुलगा आला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून.

दुसरी होडी अंधार पडेपर्यंत बाहेर शोधत राहिली आणि रिकामी आली. घरात सुपाखाली फोन वाजत होता. जावयाने तो उचलला आणि बंद केला.

तिघे समुद्रावर गेले होते. माझा मुलगा जगला. खलाशी जगला. पुतण्या नाही.