'देतो'मधला काना

सुमनबाईंची आणि माझी ओळख यवतच्या आमच्या शाळेच्या कार्यालयात झाली, तीही माझ्या चुकीमुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नवखी लिपिक, जूनमधले प्रवेश चालू होते. मुलीला पाचवीत घालायला आलेल्या एका आईला मी छापील हमीपत्र वाचून दाखवलं, "मी पालक असे लिहून देतो की..." आणि वर ठसक्यात सांगितलं, "सहीला वडिलांना घेऊन या."

"त्यो गेला सोडून," ती म्हणाली. "म्याच करते की सही. पन 'देतो' कशी म्हनू? म्या बाईमानूस हाय न्हवं?"

मी हसले. मागे उभ्या असलेल्या सुमनबाई हसल्या नाहीत. मराठी शिकवणाऱ्या या बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'देतो'चा काना खोडला. 'देते' झालं. "'तो' घरातच नाही, मग कागदावर कशाला बसवता?" एवढंच त्या म्हणाल्या. मुलीचा प्रवेश झाला.

खाडाखोडीबद्दल मुख्याध्यापकांनी बाईंना सर्वांसमोर सुनावलं. नवे कागद छापायला साफ नकार मिळाला. बाईंनी वाद घातला नाही. दर वर्षी मेअखेरीस त्या कोऱ्या हमीपत्रांचा गठ्ठा घेऊन रिकाम्या वर्गात बसायच्या आणि प्रत्येकावर 'देतो'पुढे 'देते' लिहायच्या. शिक्षकांनी त्यांना 'कानाबाई' नाव पाडलं. डबा खाताना त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. त्या गठ्ठा घेऊन बसल्या, की दौंडची एसटी चुकेल, असं सांगून मीही निघायचे. एसट्या भरपूर होत्या. त्यांच्यासारखं एकटं पडण्याची मला भीती वाटायची.

माझी आई दौंडच्या दवाखान्यात होती, तेव्हा केडगावहून गाडीनं येऊन तिच्या उशाशी बसल्या त्या याच बाई. येताना मऊ भात आणायच्या. मी मदतीला का येत नाही, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी हमीपत्रावर 'देतो/देते' छापून आलं. बाईंना कुणी कळवलं नाही. मीसुद्धा फार उशिरा, मागच्या महिन्यात, त्या नव्या हमीपत्राचा एक कोरा कागद घेऊन केडगावला गेले. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "छपाई स्वच्छ आहे गं," त्या म्हणाल्या. "बस, चहा टाकते. बऱ्याच दिवसांत कुणी आलं नाही."

बाईंच्या एकसष्टीच्या या ग्रंथासाठी समितीनं लेखासोबत भरायचा कागद पाठवला आहे. त्यावर 'हा लेख माझा आहे, असे लिहून देतो' असं छापलंय. मी त्यातला काना खोडला आहे. समितीनं ती खाडाखोड समजू नये.

बाई, तुम्हाला भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. येत्या मेमध्ये गठ्ठा नसला, तरी मी तुमच्या शेजारी येऊन बसेन, असं लिहून देते.