धुतलेली कापडं

माझ्या सासूला स्वच्छतेचं भारी वेड. पोशीरच्या आमच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून यायची. माझी नणंद त्याच घरात बाळंत झाली आणि झोपेतच गेली. नशीब तिचं, म्हणायची सासू. तरी माझ्या वेळी कर्जतच्या दवाखान्याचा हट्ट तिनंच धरला आणि माझ्यापाशी थांबलीही तीच.

मुलगी झाली. सिस्टरनं माझं पोट दाबून बघितलं आणि सासूला बजावलं, "आजी, बदललेलं कापड मला दाखवल्याशिवाय हलवायचं नाही हं."

"बरं गं बाय."

सिस्टरची पाठ वळली तशी सासू पुटपुटली, "असलं कुनी दाखवतं का? बाप्ये बसलेत समोर. काय लाज हाय का नाय!"

तिनं कापड पदराखाली धरून मोरीत नेलं, धुऊन आली. थोड्या वेळानं दुसरं. मग तिसरं. मला बरंच वाटत होतं हो, खरं सांगते! कळा संपलेल्या, पोर कुशीत. मग तहान लागली. कितीही पाणी प्याले तरी जिभेची कोरड जाईना. एवढ्या उकाड्यात पाय गार पडले. जांभयांवर जांभया यायला लागल्या.

"दमलीस गं. झोप जरा," म्हणत सासूनं पोरीला घेतलं आणि माझ्यावर चादर ओढली. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, पण मला वॉर्ड अंधारा दिसत होता.

सिस्टर परत आली. "आजी, कापड?"

"लई नाय गं, थोडंच जातंय."

सिस्टरनं खिडकीबाहेर बघितलं. दोरीवर आमची फडकी ओळीनं वाळत होती, पांढरीशुभ्र.

"ही सगळी आत्ताची?"

"मग? घान ठेवायची व्हय?"

सिस्टरनं चादर फेकली, पोट चाचपलं आणि ओरडली, "डॉक्टरांना बोलवा, पळा!" मग तिनं माझं पोट असं काही दाबलं की मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. "दे शिव्या," ती म्हणाली, "पण डोळे मिटलेस तर थोबाडीत देईन!" तेव्हा कुठे मला भीती वाटली. पोरीचं तोंडसुद्धा मी अजून नीट बघितलं नव्हतं.

इंजेक्शनं झाली, रक्त लावलं. संध्याकाळी रक्त जायचं थांबलं.

"आजी," सिस्टर घाम पुसत म्हणाली, "ही झोपत नव्हती. ही जात होती. तुम्ही रक्त धुऊन टाकलंत, तर मला कळायचं कसं?"

सासू कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. आता दवाखाना डोक्यावर घेते, असं मला वाटलं. पण ती नातीला घेऊन खाली बसली.

"माझी लेकपन पानीच मागत व्हती," ती म्हणाली. "मी म्हनलं, झोप. सगली कापडं मीच धुतली गं."