दाराबाहेरच्या चपला

पवनीच्या बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग वर टाकली, खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "पुन्याचे लोक मोठे हायेत. बलावल्याबिगर कोनाच्या दारात नोको जाजो. मास्तरले तरास नोको देजो." माय खिडकीची दांडी धरून उभी होती. बस हलली तेव्हा कंडक्टरनं तिला हात सोडायला सांगितलं.

बाबांचा शब्द मी किती पाळला म्हणून सांगू! पुण्यात आमच्या सरांच्या दारावर पाटी होती: विद्यार्थ्यांना भेटण्याची वेळ, मंगळवार, तीन ते चार. शहरातल्या मुली हसत आत जायच्या, सरांशी वाद घालून बाहेर यायच्या. आमच्याकडं शाळेत ऑफिसात जायचं ते शिक्षा घ्यायलाच. मला वाटायचं, ज्यांचं काहीतरी चुकलंय त्यांच्यासाठी हा तास आहे. शिवाय विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे आपल्याच तोंडानं सांगायचं, तेही आपल्या बोलीत. 'मले समजलं नाई' म्हटलं की मागून कोणीतरी फिस्सकन हसायचंच.

तरी एकदा गेले. नापास व्हायची वेळ आली होती, करते काय? गावी गुरुजींच्या घरी जातो तशी गेले. चपला बाहेर काढल्या, भिंतीला टेकून उभी राहिले आणि आतून हाक यायची वाट बघत बसले. दार उघडंच होतं, पण ते वाजवणं म्हणजे आमच्याकडं उद्धटपणा. चार वाजत आले तेव्हा सर चहाला निघाले आणि त्यांना माझे अनवाणी पाय दिसले. "अगं, कधीची उभी आहेस? चपला घाल आणि आत ये." त्यांचा चहा राहिला तो राहिलाच. त्या एका हाकेवर मी पास झाले, पुढं शिकले आणि आज त्याच शहरात शिकवते.

आता माझ्याही दारावर तसलीच पाटी आहे. मंगळवारी तासभर मी एकटीच बसायची. "मुलांना गरजच वाटत नाही हो," असं मीही स्टाफरूममध्ये म्हणायची. लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

गेल्या वर्षी वर्गात शीतल होती, आमच्याच भागातल्या सानगडीची. आई आजारी म्हणून ती महिनाभर गावी राहिली आणि हजेरी कमी पडली. परीक्षेला बसायचं तर अर्जावर माझी सही हवी होती. वर्ष गेलं तर वसतिगृहातली जागाही जाणार होती. हे सगळं मला नंतर, परीक्षेला बसू न दिलेल्यांच्या यादीत तिचं नाव वाचल्यावर कळलं. त्या मंगळवारी मी फोनवर बोलत बाहेर आले तर दाराशी झिजलेल्या चपला, आणि नोटीसबोर्डापाशी ती, अनवाणी. मला बघताच तिनं हातातला कागद पाठीमागं धरला.

"काही काम होतं का?" फोनवर हात ठेवून मी विचारलं.

"नाई म्याडम."

आणि मी गेले! अरे, ते 'नाई' मला कळू नये? दुसऱ्या कोणाला कळलं नसतं तर एकवेळ चाललं असतं. त्या चपला मी बघितल्यासुद्धा, पण मीटिंग होती. पुढच्या मंगळवारपर्यंत अर्जाची मुदत संपली होती.

दिवाळीत गावी गेले तेव्हा लाखांदूरला बस बदलून सानगडीला गेले. नव्या प्रवेशाचा फॉर्म सोबत होता. माफी मागायची होती, परत चल म्हणायचं होतं. तिच्या अंगणात पोचले आणि पाय काही पुढं उचलेना. ती तांदूळ पाखडत होती. मला बघितलं न बघितलं तोच ओरडली, "अवं म्याडम! भायेर काहून उभ्या? आंदर या न!"

तिनं चहा केला. लग्न जुळलं होतं तिचं. फॉर्म तिनं दोन्ही हातांनी घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि नीट घडी घालून मला परत दिला.

"तू काहून नाई आली आंदर?" मी विचारलं. किती वर्षांनी ही बोली माझ्या तोंडात आली होती.

"तुमी बलावलंच नाई, म्याडम."

हे ती रागानं बोलली नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता सत्र सुरू झालं की मी एकेकाला नाव घेऊन बोलावते. प्रत्येकानं एकदा तरी येऊन बसायचंच, चहा प्यायला का होईना. मंगळवारी दोनदा-तीनदा उठून दाराबाहेर बघते. येतात काही पोरं. शीतल येणार नाही.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, पुणं आता तुझं घर झालं का, असं तुम्ही मला विचारता. दारात उभं राहिलं की आतून हाक येते, ते घर, एवढंच मला आता कळतं. पवनीत माय ती हाक देते. सानगडीत त्या पोरीनं दिली. पुण्यात ती द्यायची पाळी माझी होती, आणि मी फोनवर होते.